वाफशाचा हिशेब

नैसर्गिक शेती करणारे भास्कर सावे 24 ऑक्टोबर 2015 रोजी गेले. त्यांची ‘कल्पवृक्ष’ बाग बोर्डीच्या पुढे, महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर, उमरगावजवळच्या देहरी गावात आहे. हद्द म्हणायची इतकेच. 1 मे 1960 पर्यंत हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता, आणि सावे हे आडनावही या किनाऱ्यावर वाड्या पिकवणाऱ्या वाडवळांचे. चिकूला काही कोणी राज्यपुनर्रचनेची अधिसूचना वाचून दाखवली नव्हती.

सावे आधी प्राथमिक शिक्षक. पुढे शेतीत उतरले तेव्हा रासायनिक खतांचे अप्रूप त्यांनाही होते आणि पीकही जोमदार येत होते. पण पिकाबरोबर खर्चही चढतो आणि हातात उरणारा पैसा घटतो, हे ध्यानात आल्यावर 1960च्या सुमारास त्यांनी शेती निसर्गावर सोडली. ‘सोडली’ हा शब्द मात्र फसवा आहे. चौदा एकरांपैकी दहाएक एकर नारळ-चिकूची बाग, दोनेक एकर भात आणि इतर पिके, उरलेल्यात रोपवाटिका. यातले काहीच आपोआप झालेले नाही.

बागेत रुंद वाफे आणि मधून चर. पाणी द्यायचे ते चरात, खोडापासून लांब. बुंध्याशी आळे करून ते तुडुंब भरणाऱ्या बागायतदाराला हे पाहून चैन पडू नये. सावे यांचे म्हणणे असे की, मुळांना पाणी नको असते, ओल हवी असते. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोकरला की त्याचा भुगा व्हावा, ती अवस्था. चरातली ओल वाफ्यात झिरपते, मुळे तिच्या मागे पसरत जातात, वर गळलेला पाला आणि झावळ्या ऊन अडवतात. तण उपटायचे नाही. फार वाढले तर कापून जागच्या जागी अंथरायचे. नांगरही नाही, ते काम गांडुळांचे. जपानचे निसर्गशेतकरी मासानोबू फुकुओका ही बाग पाहून गेले आणि जगातली सर्वोत्तम म्हणाले. 2010 मध्ये सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सावे यांना जीवनगौरव दिला. त्याआधी, 2006 मध्ये, त्यांनी कृषिशास्त्रज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांना खुले पत्र लिहून हरितक्रांतीचा जाब विचारला होता. त्याची चर्चा बागेपेक्षा जास्त झाली. आपल्याकडे असेच होते.

आम्हाला मोलाची वाटते ती त्यांची लागवडीची आखणी. अल्पायुषी, मध्यमायुषी आणि दीर्घायुषी अशी झाडे ते एकत्र लावत. पहिल्या काही महिन्यांत भाजीपाला आणि कडधान्य, मग केळी, पपई, शेवगा, आणि या सगळ्यांच्या सावलीत हळूहळू वर येणारे नारळ-चिकू. मोठी झाडे फळावर येईपर्यंत लहान पिकांनी घर चालवायचे. शेतकऱ्याने धीर धरावा, असा उपदेश सगळेच करतात. तो धीर धरायला परवडावा याची सोय सावे यांनी वाफ्यातच करून ठेवली होती. त्यांच्या कामातले हेच सर्वांत कमी उचलले गेले.

आता नैसर्गिक शेतीला सरकारी मान आहे. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्राने 2,481 कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. चांगले झाले. पण त्याच केंद्राच्या अनुदानावर 45 किलो युरियाची गोणी कर आणि निमलेपनाचा खर्च वगळून 242 रुपयांना मिळते. एका हाताने खत स्वस्त करायचे आणि दुसऱ्या हाताने ते टाकू नका म्हणायचे. शिवाय ‘नैसर्गिक’ हा शब्दही आता दुकानात बाटलीतून मिळू लागला आहे. बाहेरून काही विकत आणायचेच नाही, हा ज्या शेतीचा गाभा, तिच्या नावाने विकत आणायच्या वस्तूंची यादी वाढते आहे!

सावे यांच्या बागेचे दाखले देताना एक गोष्टही लपवू नये. ती समुद्राकाठची, पाण्याची, फळझाडांची जमीन. यवतमाळच्या कोरडवाहू कापसाला तीच मापे लावली तर शेतकरी आपल्याला हसेल, आणि योग्यच हसेल. शिवाय ही जमीन कुटुंबाची होती. आज वावर कसणारा आणि सातबाऱ्यावर नाव असणारा, हे अनेक गावांत दोन वेगळे इसम आहेत. मालक पुण्यात किंवा ठाण्यात, आणि वाफसा कधी येतो हे पाहणारा बटईदार. अभियानांचे कागद बहुतेक वेळा सातबारा विचारतात. म्हणजे मातीशी ज्याचा रोज संबंध येतो, तोच नेमका बाहेर राहतो.

त्या बटईदाराला चिकूचे कलम लाव म्हणून सांगून बघावे. त्याचा करार तोंडी, तोही पाडव्याला संपणारा. आधी तो विचारील, फळ धरायला किती वर्षे लागतात?