नुसते 'हजर' म्हणून भागत नाही

मंडळी, आज जरा रागावून लिहिते आहे.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला निगडी प्राधिकरणातून चालत बँकेत गेले. आम्ही नऊ-दहा म्हातारी माणसे रांगेत होतो. तासाभराने खिडकीतून आवाज आला, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." पाऊस आल्यावर छत्री उघडावी तितक्या सहजपणे सगळे उठले. कधीपासून बंद, कधी सुरू होणार, कुणी विचारले नाही. मीही नाही. राग आहे तो याचा.

माझा भाचा हिंजवडीत सर्व्हरवर नजर ठेवण्याचेच काम करतो. पडद्यावर हिरवे दिवे, एखादा तांबडा झाला की धावपळ. तो म्हणाला, "मावशी, आमचे सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू असतात." मी कागद-पेन्सिल घेतली. वर्षाचे तास ८७६०. त्यातला हजारावा भाग पावणेनऊ तास. म्हणजे बँकेचा अख्खा दिवस! तो नेमका नोव्हेंबरात आला तर टक्केवारी शाबूत आणि आम्ही उन्हात.

यंत्र जागे आहे का हे बघायला 'पिंग' नावाचा छोटा प्रोग्रॅम वापरतात. माइक म्यूस या अमेरिकी माणसाने तो १९८३ साली लिहिला. सोनारच्या आवाजावरून नाव ठेवले. हाक मारायची, उत्तर आले की यंत्र जागे. अहो, ही तर आमची हजेरी! जन्मभर मी ती घेतली. 'हजर' म्हणणारा मुलगा खिडकीबाहेर बघत असतो. त्याला येते का, हे फळ्यापाशी उभे केल्याशिवाय कळत नाही.

मोठ्यांचेही तेच. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईचा राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११.४० ला थांबला, तो पावणेचारला पुन्हा उघडला. सौदे करणारी मुख्य यंत्रणा चालू होती, असे बाजाराचेच म्हणणे. पण टेलिफोन कंपन्यांच्या जोडण्या तुटल्या आणि जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली. मुख्य यंत्रणा 'हजर', वर्ग मात्र बंद!

भाचा म्हणतो, "खिडकीपर्यंतची वायर आमच्याकडे नसते." अगदी बरोबर. बोटाचा ठसा बँकेतून आधारकडे, तिथून पेन्शनच्या नोंदीपर्यंत जातो. वाटेतला प्रत्येकजण आपापला हिरवा दिवा दाखवतो आणि रांग घरी जाते.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. तपासणी खिडकीपासून सुरू करा. दर काही मिनिटांनी एक चाचणीचा दाखला शेवटपर्यंत पाठवून बघा. तो अडकला की दारावरच फलक लावा: अमुक वाजल्यापासून बंद. आणि कागदी दाखला आजही चालतो, तर तो अर्ज पुढे करा. परत पाठवणे हा उपाय नव्हे.

असो. दुसऱ्या दिवशी ठसा उमटला आणि मी हयात असल्याचे सरकारला कळले. पुढच्या खेपेला 'सर्व्हर डाऊन' ऐकलेत तर उठू नका. "कधीपासून?" एवढे विचारा. मीही विचारणार आहे.