सतर्क राहा म्हणजे काय करा?

धरणातून पाणी सोडणार, नदीकाठच्या लोकांनी सतर्क राहावे. दर पावसाळ्यात आपण हे वाचतो. पण सतर्क राहायचे म्हणजे करायचे काय? गुरे सोडायची, भाताची पोती माळ्यावर चढवायची, की म्हातारीला पाठीवर घेऊन घर सोडायचे?

तिळारीचे धरण दोडामार्गात, म्हणजे महाराष्ट्रात. पाणी उतरते साळ, इब्रामपूरच्या अंगणात. ऑगस्ट २०१९ मध्ये या भागाने ते भोगले आहे. धरणावरचा हिशेब क्युमेक्सचा. गावकऱ्याला कळायला हवे ते एवढेच, की पाणी किती वाजता पोचेल आणि कुठवर चढेल. पुलाच्या खांबावर खुणा रंगवा, त्या खुणांच्या हिशेबाने बोला. लाऊडस्पीकर लावा आणि मराठी-कोंकणीत सांगा.

ही मेहेरबानी मुळीच नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ याचे कलम ४च सांगते, की माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्या.

आणि वाट एकेरीच का? नदी वीतभर चढली, हे काठावरच्या माणसाला सर्वांत आधी दिसते. मध्यरात्री त्याचा फोन उचलून ते लिहून घेणारा कोणीतरी जागा हवा.

पूर ओसरल्यावर "आम्ही इशारा दिला होता" म्हणायला पत्रक कामी येते. साळच्या माणसाला पाणी उंबऱ्याला लागण्यापूर्वी कामी येईल असे काही द्या!