अप्रिय वाणी आणि घातक वाणी

वाणीला मर्यादा असावी, ह्याविषयीं आमचा कोणाशींच वाद नाहीं. वाद आहे तो ती मर्यादा कोणत्या मापानें मोजावयाची ह्याविषयीं. हातोहातीं मोबाइल आल्यापासून एकाचा शब्द क्षणांत लाखांकडे पोंचतो. तेव्हां सरकारच्या हातीं अधिक जड दंडुका हवा, असें सुशिक्षित घरांतूनहि ऐकूं येतें. ह्या मताची परीक्षा महाराष्ट्रांतीलच दोन घटनांवरून करूं.

नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका तरुणीनें त्याविषयीं फेसबुकवर नापसंतीचे चार शब्द लिहिले. दुसरीनें त्यांस केवळ पसंती दर्शविली. दोघींसहि अटक झाली! माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-अ कलमांत 'अत्यंत आक्षेपार्ह' असल्या मोघम शब्दांवर तीन वर्षांपर्यंत कारावासाची सोय होती.

दुसरी घटना १ जुलै २०१८ ची. मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवरून पसरल्या होत्या. धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें जमावानें भटक्या समाजांतील पांच निरपराध माणसांस ठेचून मारलें.

पहिल्या शब्दांनीं कोणाच्या अंगावर ओरखडाहि उठला नाहीं. दुसऱ्यांनीं पांच जीव घेतले. मोघम कलमाचा स्वभावच असा कीं, ज्याच्या भावना लौकर दुखावतात आणि ज्याच्या पाठीशीं जमाव असतो, त्याच्याच तें उपयोगी पडतें. सरकारविषयीं 'अप्रीति' पसरविल्याच्या आरोपावरून १९०८ सालीं लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली. मोघम शब्दाची किंमत महाराष्ट्रास नव्यानें शिकवावयास नको.

सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं श्रेया सिंघल खटल्यांत ६६-अ रद्द करितांना चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असा भेद केला. वाणी चिथावणीस पोंचली तरच कायद्यानें हात घालावा. तरीहि मेलेल्या कलमाखालीं खटले चालूच राहिले, आणि ते थांबविण्याचा हुकूम न्यायालयास २०२२ सालीं पुन्हां द्यावा लागला.

'मग निंदा मुकाट्यानें सोसावी काय?' असें कोणी विचारील. अब्रुनुकसानीचा कायदा कोठें गेला नाहीं. अफवा थोपवावयाची तर तिचा वेग रोखावा. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यांत व्हॉट्सॲपनें भारतांत आलेला निरोप एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें धाडतां यावा अशी मर्यादा जाहीर केली; तींत कोणाचें मत दाबलें गेलें नाहीं.

अप्रिय वाणीला उत्तर द्यावें, घातक वाणीला अटकाव करावा. पहिलीला तुरुंग आणि दुसरीला मोकळें रान, ही मर्यादा नव्हे. मर्यादेची विटंबना होय.