माहेर फोनमध्ये, सासर फाईलमध्ये

परदेशात राहणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे न्यू जर्सीतली भाची येते, नाहीतर दुबईतला भाऊ. पण परदेशी म्हणून राहणाऱ्या बायका आमच्या बदलापूरहून दोन स्टेशनांवर, उल्हासनगरातही आहेत. हातात पाकिस्तानचा पासपोर्ट आणि गळ्यात मंगळसूत्र!

उल्हासनगरचा जन्मच मुळी फाळणीतला. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या गावाची पायाभरणी झाली. पण सगळेच काही तेव्हा आले नाहीत. जे सिंधमध्ये राहिले त्यांच्यातले कुणी अजूनही येतात, आणि नात्यात सोयरिक जमली की तिकडच्या मुली इकडे सुना होऊन येतात.

अशीच एक भाभी बचत गटाच्या निमित्ताने माझ्या ओळखीची झाली. घरी बसून जीन्सचे धागे कापते. माहेर सिंधमध्ये, लग्न २०१८ चं. नवरा इथला नागरिक, मुलगाही जन्मापासून भारतीय. एका घरात तीन माणसं आणि देश दोन. तिच्याकडे आहे तो दीर्घ मुदतीचा व्हिसा. त्याची मुदत संपायच्या आत अर्ज करायचा, पोलिसांच्या परदेशी नागरिक नोंदणीत नाव ठेवायचं, पत्ता बदलला तर कळवायचं. शिवाय मूळ पासपोर्ट जिवंत ठेवायला दिल्लीच्या पाकिस्तानी वकिलातीची पायरी चढायची. आपण गॅसचं कार्ड जपतो ना, तशी ती एक निळी फाईल जपते. पावसाळ्यात ती फाईल माळ्यावर, डब्यात!

आता सोयी बऱ्याच झाल्यात हे कबूल केलं पाहिजे. पूर्वी अशा माणसाला राहत्या गावाबाहेर जायचं तर परवानगी लागे. २०१६ साली केंद्र सरकारने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना राज्यभर फिरायची मोकळीक दिली. बँकेत खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, राहण्यापुरतं एक घर, स्वतःचा धंदा, हे सगळं त्यात आलं. त्याच वर्षी अशा लोकांच्या नागरिकत्वाचे अधिकार काही जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले गेले, त्यात ठाणे होतं. पण दिल्लीचा कागद आपल्या गल्लीतल्या काउंटरपर्यंत पोचायला वेळ लागतो. मी भाभीबरोबर एका बँकेत गेले होते. पासपोर्टचं कव्हर बघूनच तिथल्या माणसाने मान हलवली. नियमाची प्रत दाखवली तेव्हा म्हणाला, ‘साहेब सोमवारी येतील.’ असे तीन सोमवार गेले.

खरी मेख मात्र नागरिकत्वाच्या अर्जात आहे. भारतीयाशी लग्न केलेल्या बाईला सात वर्षं इथे राहिल्यावर नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. पण त्यातले अर्जाआधीचे शेवटचे बारा महिने सलग भारतात काढावे लागतात. शिवाय पाकिस्तानला जायचं तर परत येण्याची परवानगी आधी घ्यायची. भाभीची आई जानेवारी २०२५ मध्ये अंथरुणाला खिळली, तेव्हा भाभीचं सातवं वर्ष चालू होतं. जावं तर वर्ष मोडतं, न जावं तर आई! घरच्यांनी सांगितलं, दिवाळीपर्यंत थांब. ती थांबली.

मग २२ एप्रिलला पहलगाम झालं. आपल्या डोंबिवलीची तीन माणसं त्यात गेली, आपण सगळ्याच सुन्न होतो. सरकारने अटारीची वाट बंद केली, पाकिस्तान्यांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम आहेत, असा खुलासा लवकरच झाला. पण तोवर टीव्हीवर ‘बाहेर काढा’चा गजर चालू झालेला. भाभी चार दिवस दळण आणायलाही उतरली नाही. शेजारीण विचारायला आली, ‘तुझं काय होणार गं?’ विचारण्यात वाईट काही नव्हतं, पण भाभीने दार लावून घेतलं. मेमध्ये तिची अम्मा गेली. तिने अंत्ययात्रा फोनवर पाहिली, तीही मध्येच नेटवर्क गेलं.

नागरिकत्व सुधारणा कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. २०१९ च्या त्या कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले आणि त्यात अकरा वर्षांची अट पाचवर आली. अर्ज ऑनलाइन, पासपोर्टची मुदत संपलेली असली तरी चालते आणि जिल्हा समितीचा प्रमुख कोण, तर टपाल खात्याचा अधीक्षक! पण तो ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी आहे. भाभीच्या नवऱ्याचे चुलते २०१३ मध्ये आले, ते त्यात बसतात. २०१८ ची सून बसत नाही. या कायद्यात मुसलमान नाहीत, त्यावरून देशभर वाद झाला, आणि मला तो अनाठायी वाटत नाही. पण इथल्या बायकांच्या बोलण्यात तारखेचंच दुःख जास्त येतं.

आणि अमेरिकेतल्या आपल्या मुली तरी काय वेगळ्या? नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या इंजिनीअर मुली वर्षानुवर्षं पोळ्या लाटत बसल्या. २०१५ मध्ये त्यांच्यातल्या काहींना, नवऱ्याचं ग्रीन कार्ड मार्गी लागलं असेल तरच, कामाची परवानगी मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा बोजा आला, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या काकू रात्रभर जाग्या होत्या. याच काकू मला पूर्वी विचारायच्या, ‘त्या पाकिस्तानी बाईबरोबर तू कशाला फिरतेस?’ आता विचारत नाहीत.

भाभीने दिवाळीनंतर अर्ज भरला. मंजुरीचं पत्र आलं की पाकिस्तानचं नागरिकत्व सोडल्याचा कागद आणायचा, मग प्रमाणपत्र. त्या कागदासाठीही पुन्हा त्याच वकिलातीत जायचं. मी म्हटलं, ‘मी येते दिल्लीला.’ ती म्हणाली, ‘ताई, तिकीट आत्ताच नको काढू. आधी पत्र तर येऊ दे.’