दारावर कुणाची खूण?

आमच्या गावात अलीकडं कुणाचंही नवं घर बघायला गेलं की वाटतं, हे घर आपण मागच्या महिन्यातच बघितलंय. स्टीलचं चकचकीत फाटक, दाराभोवती चॉकलेटी फरशी, चौकटीवर प्लास्टिकचं तोरण, उंबऱ्याशी चिकटवलेली लक्ष्मीची तयार पावलं, आणि वर पाटी, 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. चार घरं सोडून पाचव्या घरी तेच. नवा पावणा दार चुकतो, आणि चुकला तर दोष त्याचा नव्हे.

घर नटवू नये असं मी म्हणत नाही. दोन पैसे गाठीला आले तर माणसानं आधी दारच नटवावं, कारण गावाला घराचं तेवढंच अंग दिसतं. माझं भांडण वेगळं आहे. दारावर दुकानदाराची खूण दिसते, घरात राहणाऱ्याची दिसत नाही.

दार म्हणजे घरानं गावाशी बोलायची जागा. दारात सडा नाही, रांगोळी नाही असं दिसलं की जाणारा-येणारा थबकायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "काय झालं रं घरात?" सुतक असलं की रांगोळी बंद. बाळंतीण असली की दाराला लिंबाचा डहाळा. रांगोळीची रेघ बदलली की शेजारणी ओळखायच्या, सून माहेरी गेलीय, आज सासूचा हात फिरलाय. दसऱ्याच्या तोरणात आम्ही झेंडूच्या जोडीला बाजरीचं कणीस बांधायचो. ते कणीस बोटभर की वीतभर, यावरून त्या साली पाऊस कसा झाला ते कळायचं.

आता स्टिकरच्या पावलांना यातलं काय कळतं? घरातून तिरडी निघाली तरी ती पावलं तशीच लालभडक, आत यायच्या तयारीत. चिकटवलेल्या वस्तूला सुतक नाही, सोयर नाही, दुष्काळ नाही. ज्या दाराला घरातलं दुःख कळत नाही, ते कितीही महागाचं असलं तरी मुकंच.

आणि त्या प्लास्टिकच्या तोरणाबद्दल तर मला जास्तच बोलायचंय. झेंडू लावला की तोडीला यायला दोन महिने लागतात. आम्ही दिवस मोजून लागण करतो, कारण दसऱ्याच्या आदल्या दिवशी फूल बाजारात पोचलं तर सोनं, दुसऱ्या दिवशी उकिरडा. त्या एका दिवसावर खत-औषधाची उधारी टांगलेली असते. भाव पडला की फुलांचे ढीग बाजारातच टाकून रिकाम्या हातानं परत येणारी माणसं दरसाल दिसतात. फूलवाले शेतकरी प्लास्टिकच्या फुलांवर बंदी मागतात ते उगीच नव्हे. पण सरकारकडं बंदी मागणाऱ्या शेतकऱ्याच्याच चौकटीवर प्लास्टिकचा झेंडू दिसला, तर त्याची बाजू कोण ऐकून घेणार? शहरातल्या गिऱ्हाइकाला नावं ठेवण्याआधी आपण आपल्या चौकटीकडं बघावं.

इथं कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला जुने दिवस आठवताहेत. साफ चूक. जुन्या दाराचे गोडवे गाणाऱ्यातला मी नाही. ज्या ओसऱ्यांची आता वर्णनं लिहितात, त्यातल्या कितीतरी ओसऱ्यांच्या दिवळीत एक वेगळी कपबशी पालथी घातलेली असायची. गावकुसाबाहेरच्या माणसानं ती स्वतः उचलायची, पायरीखाली बसून चहा प्यायचा आणि स्वतःच विसळून ठेवायची. तीही त्या दाराची खूणच होती, आणि ती गेली ते बरं झालं. सारवणाचंही तसंच. फोटोत सारवलेलं अंगण फार छान दिसतं. पण आमच्या थोरल्या काकूंची बोटं थंडीत शेणामातीनं चिरायची, रात्री त्या त्यांत तेल सोडून बसायच्या. फरशी आली, त्यांच्या सुना सुटल्या. मी फरशीच्या बाजूनं आहे. हाताची खूण राहायला हात चिरायची गरज नाही.

उंबऱ्याचंही एक सांगतो. हल्ली मिस्त्री लेव्हलच्या नावाखाली उंबराच काढून टाकतात. मग पावसाचं पाणी सरळ घरात, आणि शेताकडेचं घर असेल तर विंचूकाटाही. म्हाताऱ्यांचा पाय अडतो म्हणता, ते खरं आहे. मग उंबरा दोन बोटं उंच ठेवा आणि शेजारच्या भिंतीत हाताला धरायला एक गज बसवा. काढूनच टाकणं हा उपाय नव्हे.

"आमचं घर केवढं, त्याला दार केवढं, त्यात काय नटवणार?" असं घरकुलवाले विचारतात. घरकुल कमीत कमी 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 फूट. दार उघडलं की रस्ता. तरीही तेवढ्यात पुष्कळ होतं. बांधतानाच दाराशेजारी चार विटांची जागा सोडा, पणती ठेवायला दिवळी होते. दोन फूट कट्टा काढा, येणारा माणूस टेकतो, मग तो कुणाही जातीचा असो. जुन्या डब्यात तुळस लावा. भिंतीचा एक हातभर तुकडा चुन्यानं रंगवून पोरांना द्या, नागपंचमीला त्यांनी नाग काढावा, बैलपोळ्याला बैल. वाकडा निघाला तरी तो त्या घरचा बैल असेल. याला पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते.

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं. ती पाटी. पहाटे दारात सडा कोण टाकतं? रांगोळी कोण काढतं? तोरण कोण ओवतं? पाहुण्याला पाण्याचा तांब्या कोण आणून देतं? चाळीस-चाळीस वर्षं जिनं ते दार सांभाळलं, तिचं नाव पाटीवर नसतं. तिथं 'श्री.' असतात, पुढं हुद्दा असतो, नाहीतर पोराचं नाव असतं. 'आई-वडिलांचा आशीर्वाद' लिहितात, पण त्या आईचं नाव काय, हे पोस्टमनलाही ठाऊक नसतं. घरकुलाची मंजुरी नवरा-बायको दोघांच्या नावानं देण्याचा नियम आहे. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या लेकराच्या सरकारी कागदावर बापाच्या आधी आईचं नाव येतं. सरकारी कागद म्हणजे सगळ्यांत मागं चालणारं जनावर, तेसुद्धा पुढं गेलं आणि आपली चौकट मागं राहिली.

म्हणून माझं सांगणं थोडकं आहे. फाटक स्टीलचं घ्या, फरशी हवी ती बसवा. पण दसऱ्याला झेंडू खरा आणा, भिंतीचा एक तुकडा पोरांच्या हातात द्या, आणि पाटी करायला टाकाल तेव्हा पेंटरला दोन नावं सांगा. त्यातलं तिचं आधी.