साडेसहा गुंठे, लव्ह ऑल!

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रात्री साडेअकराला मित्राचा फोन. एवढ्या उशिरा फोन म्हणजे एक तर ब्रेकअप, नाही तर कंपनीत ले-ऑफ! मी घाबरतच उचलला. तर साहेब म्हणतात, "ऐक ना, गावाकडं टेनिस कोर्ट बांधतोय. स्वतःचं!"

मित्र खराडीत आयटीत आहे. गाव पारनेर तालुक्यात, घरी चार एकर शेती. नुकताच बोनस झालेला, आणि फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी पाच वर्षं साठवलेले पैसेही बँकेत लोळत होते. (मी पडले फ्रीलान्सर. माझा बोनस म्हणजे वेळेवर आलेला चेक.) मी म्हटलं, "फ्लॅटचं काय?" तर म्हणे, "फ्लॅट काय, सगळेच घेतात यार!"

या वेडामागे एक जुनी सल आहे. हा नगरला हॉस्टेलमध्ये असताना संध्याकाळी एका क्लबच्या जाळीबाहेर उभा राहून टेनिस बघायचा. बाहेर आलेला बॉल आत फेकायचा, बस्स, तेवढाच त्याचा टेनिसशी संबंध. आत काही कुणी बोलावलं नाही. पुढे पुण्यात आल्यावर कोर्ट तासावर भाड्याने घेऊन शिकला. २०१९ मध्ये बालेवाडीला टाटा ओपन महाराष्ट्रची फायनल बघायला गेला होता. केव्हिन अँडरसन विरुद्ध इवो कार्लोविच, तिन्ही सेट टायब्रेकवर! ती स्पर्धा २०२३ नंतर पुण्यात झाली नाही, पण याच्या डोक्यातून काही ती जाईना. त्यात त्याच वर्षी हांगझोच्या एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड जिंकलं ते ऋतुजा भोसलेनं. जन्म श्रीरामपूरचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातली! मग काय, पठ्ठ्या पेटलाच.

आता जरा हिशोबाचं बोलू. टेनिस कोर्ट टीव्हीवर दिसतं तेवढं छोटं नसतं हो! रेघांच्या आतलं डबल्सचं कोर्ट ७८ बाय ३६ फूट. पण मागे-बाजूला पळायला जागा नको? म्हणून पूर्ण जागा धरतात १२० बाय ६० फूट. म्हणजे ७,२०० स्क्वेअर फूट. पुण्यात टू बीएचकेसाठी हजार फुटांवर समाधान मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडाच गार करतो. गावाकडच्या भाषेत साडेसहा गुंठ्यांपेक्षा किंचित जास्त. आणि मित्राने निवडलेली जागा कुठली, तर घरासमोरची, विहिरीलगतची, डाळिंबाच्या बागेतली. चौदा बाय दहावर लावलेली बाग, म्हणजे पन्नासएक झाडं जाणार. आप्पांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, हे अजून सांगितलंच नव्हतं.

मे महिन्यात कॉन्ट्रॅक्टरला घेऊन आम्ही तिघं-चौघं गावी गेलो. त्या माणसाने पहार मागवली आणि बागेच्या कडेला एक खड्डा घेतला. फूट, दोन फूट, तीन फूट... काळीभोर माती संपेचना. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "साहेब, जमीन एक नंबर आहे. म्हणूनच इथं कोर्ट होणार नाही."

या वाक्यावर मी आजही फिदा आहे. आपण समजतो की खर्च वरच्या त्या निळ्या-हिरव्या रंगाचा असतो. छे! खरा खर्च असतो तो खालचा, न दिसणारा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर काँक्रीट टाकलं तर दोन पावसाळ्यांत कोर्टावर नकाशे उमटणार. म्हणून ती आधी काढायची आणि तिच्या जागी मुरूम भरून, पाणी मारून, रोलर फिरवून दाबायचा. ७,२०० फुटांवर तीन फूट खोल म्हणजे २१,६०० घनफूट, म्हणजेच २१६ ब्रास! इतकी सोन्यासारखी माती बाहेर आणि तितकाच दगडी मुरूम आत. नुसतं एवढं करायला तीन लाख, आणि अजून कोर्टाचा पत्ताच नाही.

आमच्या हातात पडलेलं कोटेशन असं होतं. माती-मुरूम तीन लाख. खडीचं सोलिंग आणि त्यावर चार इंची काँक्रीट, मजुरीसकट, सहा लाख. (चार इंच ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते २४ ब्रास काँक्रीट होतं.) त्यावर अॅक्रिलिकचे पाच थर, ६५ रुपये फुटाने, चार लाख अडुसष्ट हजार. भोवती दहा फुटी जाळी, दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. नेट आणि पोल पन्नास हजार. फ्लडलाइट तीन लाख. झाले वीस लाख सहा हजार. वर अठरा टक्के जीएसटी. पावणेचोवीस लाखांच्या जवळ! दुसरीकडे हाच आकडा वेगळा निघेल. मुरूम कुठून येतो आणि जमीन कशी लागते यावर सगळं आहे.

मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेवढ्यात खड्डा बघायला आप्पा आले. दोन मिनिटं शांत उभे राहिले. मग म्हणाले, "आरं, पन्नास झाडं काढून तिथं काय, चेंडू पिकवायचेत?" माझ्याकडे वळून, "पोरी, तू पेपरात लिहितीस ना? सांग की याला." मी काय सांगणार! मी पाण्याच्या तांब्याकडे बघत बसले.

मला तेव्हा आंद्रे आगासी आठवला. त्याच्या वडिलांनी लास वेगासला घराच्या मागच्या अंगणात स्वतः राबून कोर्ट उभारलं आणि पोराला त्यावर जुंपलं. तिकडे बापाला कोर्ट हवं होतं आणि पोराला नको. इथे नेमकी उलटी केस!

आप्पांचा आक्षेप फक्त झाडांचा नव्हता. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "अन् खेळणार कोणासंगं?" सगळे गप्प. टेनिसला दुसरा माणूस लागतो, हे एवढ्या एक्सेल शीट्समध्ये कुठेच नव्हतं. मी मोबाइलवर हिशोब केला. समजा सगळी काटछाट करून कोर्ट पंधरा लाखांत बसवलं. हा महिन्यातून दोनदा गावी येणार, दर वेळी दोन तास खेळणार. वर्षाचे ४८ तास. पाच-सात वर्षांनी अॅक्रिलिक पुन्हा करावं लागतं, म्हणून सात वर्षं धरा. ३३६ तास. एका तासाला जवळपास साडेचार हजार रुपये! मित्राने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

स्वस्तातला पर्याय म्हणून मातीचं कोर्ट सुचवून झालं. पण त्याला रोज पाणी, रोज रोलर, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा लेव्हल. ज्या पट्ट्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे कोर्टावर पाणी मारायचं? लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत, पण पारावर नक्की म्हणतील. पिकलबॉलचाही विषय निघाला. सध्याचं फॅड, आणि कोर्ट जेमतेम ४४ बाय २० फूट, त्यामुळे दीड-पावणेदोन गुंठ्यांत काम भागतं. पण हा म्हणाला, "ते टेनिस नाही." विषय बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर आप्पा दोरी आणि खुंट्या घेऊन गोठ्यामागे. तिकडे चढावर मुरमाड तुकडा आहे, कुसळाशिवाय काही उगवत नाही. एकट्याने १२० बाय ६० मापून ठेवलं होतं! आणि गंमत म्हणजे तो तुकडा उत्तर-दक्षिण लांब निघाला. कोर्ट तसंच हवं असतं, नाही तर सकाळ-संध्याकाळ एकाच्या डोळ्यात ऊन जातं. आदल्या दिवशीची बागेतली जागा पूर्व-पश्चिम होती, हे मात्र आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

इथे अर्ध्या फुटावरच मुरूम. भरावाचे तीन लाख वाचले. लाइट पुढच्या वर्षीवर ढकलले, जाळी फक्त दोन्ही टोकांना. हिशोब खरंच पंधरा लाखांवर आला. मग आप्पांनी दोन अटी घातल्या. पहिली, कोर्टाचं पाणी शेततळ्यात गेलं पाहिजे. कोर्टाला तसाही एका बाजूला शंभर फुटाला एक फूट ढाळ द्यावाच लागतो. एवढ्या जागेवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर ६,७०० लिटर पाणी होतं. वर्षाला ५०० मिलिमीटर धरला तर सव्वातीन लाख लिटरच्या वर, थोडं उडून-सांडून जाईल ते सोडा. हे ऐकल्यावर आप्पांचा कोर्टाविषयीचा आदर जाम वाढला.

दुसरी अट होती फ्लॅटची. "डाउन पेमेंटला हात लावायचा नाही. बोनसमध्ये होतंय तेवढं कर." बोनसमध्ये सोलिंग आणि काँक्रीट बसत होतं, जीएसटी धरून सात लाखांच्या थोडं वर. रंग, जाळी वगैरे पुढच्या बोनसला. मित्राने आधी तोंड वाकडं केलं, मग मान डोलावली. (एक टीप: शेतजमिनीवर असलं काही करायचं असेल तर एनएचं काय ते आधी तलाठ्याला विचारा. आम्ही हे जरा उशिराच विचारलं आणि दोन महिने गेले.)

नोव्हेंबरात काँक्रीट ओतलं. क्युरिंगला पाणी शेततळ्यातलंच. २८ दिवस आप्पा स्वतः सकाळ-संध्याकाळ बघून यायचे. जानेवारीत दोन जीआय पाइप रोवून नेट बांधलं, मधोमध बरोबर तीन फूट. नुसत्या काँक्रीटवर बॉल सुसाट निघतो आणि चार दिवसांत टकला होतो, पण चालतंय. दुसऱ्या माणसाचा प्रश्न चुलतभावाच्या मुलीने सोडवला. नववीत आहे, बॅकहँड माझ्यापेक्षा बरा आहे.

परवा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. नेटच्या अलीकडे मित्र रॅकेट घेऊन उभा. नेटच्या पलीकडे, थेट बेसलाइनपर्यंत, हरभरा वाळत घातलेला आणि त्यात आप्पा फावडं घेऊन. खाली मेसेज: "मार्चपर्यंत फक्त सर्व्हिसची प्रॅक्टिस. तीही याच बाजूला मारायची, असं वरून बजावलंय."