सूर्यास्तापूर्वी रिसोडला परत

रत्नागिरी, मुंबई वा सुरतेकडून विवाह होऊन रिसोडला आलेल्या सुनेला पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास पडतो. सुटीच्या दिवशी येथे जायचे कोठे? माहेरी संध्याकाळ झाली की पावले आपोआप समुद्राकडे वळत. येथे बाजारपेठ, बसस्थानक, मंदिर आणि घर एवढे झाले की गाव संपते आणि पुढे नजर पोहोचेल तेथवर सोयाबीन-तुरीची शेते. बदलीवर आलेल्या बँक अधिकाऱ्याच्या पत्नीलाही हाच प्रश्न पडतो. नवी शाखा सांभाळण्यासाठी आलेल्या धाकट्या भावाच्या कुटुंबालाही पडतो. घरातील ज्येष्ठ मंडळी बहुधा "इथे पाहण्यासारखे आहे तरी काय?" असे म्हणून विषय मिटवतात.

हे उत्तर चुकीचे आहे आणि महागही पडते. नवे माणूस ज्या मुलुखात रुजत नाही, तेथून ते आपल्या माणसांनाही हळूहळू उपटून नेते. सुनेचे मन लागले नाही म्हणून मुलाने पुण्यात दुकान पाहिले आणि तीन पिढ्यांची पेढी वृद्ध आईवडिलांच्या हाती राहिली, ही गोष्ट विदर्भातील कोणत्याही व्यापारी गावाला नवी नाही. त्याची कारणे सहलीपेक्षा पुष्कळ मोठी असतात, हे मान्यच. तरीही पहिल्या वर्षातील चार-सहा रविवार घराने मनावर घेतले, तर पुष्कळ काही सावरते.

रिसोडहून सहल ठरवताना दोन घड्याळे सांभाळावी लागतात. पहिले सूर्याचे. ज्या घरात रात्रिभोजन वर्ज्य आहे, तेथे सहलीची हद्द किलोमीटरने ठरत नाही, सूर्यास्ताने ठरते. डिसेंबरात या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तर मे महिन्याच्या अखेरीस पावणेसातनंतर. म्हणजे थंडीत दिवस एका तासाने तोकडा मिळतो. दुसरे घड्याळ बाजाराचे. चातुर्मास संपून प्रवासाला अनुकूल हवा सुरू होते, नेमकी तेव्हाच सोयाबीनची आवक जोरात असते आणि ती ओसरते न ओसरते तोच तूर येते. दुकानातील कर्त्या पुरुषाला त्या दिवसांत उसंत नसते. तेव्हा बाजार समितीला सुटी असेल तो दिवस धरावा, पहाटे निघावे आणि एका दिवसात एकच ठिकाण पाहावे. चार ठिकाणे एका दमात उरकणाऱ्या गाडीतून शेवटी फक्त थकलेली मुले उतरतात.

पहिली सहल शिरपूरची असावी, यावर कोणत्याही घरात दुमत होणार नाही. रिसोडहून मालेगावकडे जाताना तासाभराच्या आत शिरपूर येते. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथांची कथा लहान मुलेही ऐकून असतात. एलिचपूरच्या राजाचा त्वचारोग एका जलाशयाच्या पाण्याने बरा झाला. त्या जलातील प्रतिमा घेऊन राजा निघाला आणि वाटेत मागे वळून पाहताच प्रतिमा तेथेच अधांतरी स्थिर झाली. पूर्वी तिच्याखालून घोडेस्वार जात असे आणि आता वस्त्र सरकते, असे परंपरा सांगते. मुख्य मंदिर पाहून झाल्यावर गावाबाहेरील पवळी मंदिर चुकवू नये. घाईतील यात्रेकरू तेथे क्वचितच जातात. दगडी बांधणीचे ते जुने मंदिर शांतपणे पाहिले, तर या भूमीवर आपला धर्म किती खोलवर रुजलेला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शिरपूरची दुसरी कथाही नव्या माणसाला सांगायला हवी, कारण ती त्याला कोठून ना कोठून कळणारच असते. या तीर्थाच्या पूजाधिकारावरून दिगंबर आणि श्वेतांबर समाजांत दीर्घ वाद झाला. १९०५ मध्ये दोन्ही पक्षांच्या पूजेच्या वेळा ठरवून घेण्यात आल्या. ती व्यवस्था टिकली नाही. प्रकरण अकोल्याच्या न्यायालयातून चढत चढत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि तेथे १९२९ मध्ये निकाल झाला. त्यानंतरही तंटा शमला नाही. १९८१ पासून मंदिर बंद राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ च्या आदेशानंतर त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दार उघडले, तोवर ४२ वर्षे उलटली होती. त्या काळात आलेल्या भाविकांना दारातील झरोक्यातून डोकावून दर्शन घ्यावे लागे.

त्या बेचाळीस वर्षांत सून होऊन या परिसरात आलेल्या स्त्रिया आज सासूबाई झाल्या आहेत. त्यांच्यापैकी कित्येकींच्या मनातील शिरपूर म्हणजे तो झरोका आहे. रांगेत उभे राहायचे, पाठीमागून कोणी घाई करायचे, क्षणभर अंधारातील मूर्तीकडे पाहायचे आणि पुढच्यासाठी बाजूला व्हायचे. म्हणून शिरपूरची सहल नव्या जोडप्याने एकटी करू नये. सासूबाईंना पुढच्या आसनावर बसवून न्यावे आणि वाटेत त्यांनाच बोलू द्यावे. कोणता पंथ बरोबर, हा विषय मात्र गाडीत काढू नये. न्यायालयांनाही तो सोडवायला शंभर वर्षे पुरली नाहीत. निघण्यापूर्वी दर्शनाची वेळ विचारून घेणे उत्तम.

समुद्राची आठवण काढणाऱ्या सुनेसाठी दुसरी सहल लोणारची. रिसोडच्या पश्चिमेला, बुलढाणा जिल्ह्यात, साधारण तासाभराच्या रस्त्यावर हे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, काळ्या बेसॉल्ट खडकात आकाशातून आलेल्या अशनीने घडवलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आहे. त्याचे वय पूर्वी ५० हजार वर्षांच्या आसपास मानले जाई. पुढे झालेल्या कालमापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत मागे नेले. काठावर उभे राहिले की प्रथम काही क्षण कोणी बोलत नाही. खाली हिरव्या झाडीचे कडे आणि मधोमध पाण्याची थाळी. वारा मात्र समुद्रासारखा खारा लागत नाही, हे माहेरवाशिणीने आधीच लक्षात ठेवावे म्हणजे हिरमोड होणार नाही.

व्यापारी घरातील मुलांना लोणार आणखी एका अंगाने सांगता येते. या पाण्यातून शतकानुशतके सोडा आणि मीठ काढले जाई. काच आणि साबण यांसाठी लागणारी द्रव्ये येथे मिळतात, अशी नोंद अकबराच्या काळातील आइन-ए-अकबरीत आहे. म्हणजे हे सरोवर एके काळी बाजाराशी जोडलेले होते. जून २०२० मध्ये त्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि देशभर चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचे आढळले. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव असतात, हे लहानपणापासून ऐकलेल्या मुलांना त्याचे आश्चर्य इतरांपेक्षा कमी वाटेल. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला.

लोणारला घाई चालत नाही. गावातील दैत्यसूदन मंदिर सकाळी पाहावे. लवणासुराच्या वधाच्या कथेशी जोडलेल्या या मंदिराच्या भिंतींवरील शिल्पे उन्ह चढण्याआधी अधिक स्पष्ट दिसतात. मग धारेचे गोड पाणी पाहावे. कडेला अखंड गोडे पाणी आणि तळाशी खारे, हा विरोध मुलांना पुस्तकाहून जास्त कळतो. विवरात उतरण्याची वाट सुमारे दीडशे मीटर खाली जाते. उतरणे सोपे वाटते आणि चढताना दम लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी काठावरच थांबावे. अलीकडे सरोवराची पातळी वाढून काठावरील जुन्या मंदिरांत पाणी शिरले आहे, त्यामुळे खाली किती जाता येईल ते वन विभागाच्या माणसांना विचारूनच ठरवावे. गोड्या पाण्याची भर पडत राहिली तर खारेपणा आणि त्यावर जगणारी सूक्ष्म सृष्टी टिकेल का, ही चिंता तेथे खरी आहे. ते पाहण्याजोगे आहे तोवर पाहून घ्यावे.

लोणारला शुद्ध जैन जेवण मिळेल, असे गृहीत धरू नये. थेपले, खाखरे, कोरडी चटणी आणि उकळून थंड केलेल्या पाण्याचा मोठा थर्मास घरूनच न्यावा. दही बरोबर नेले तर ते दुपारच्या आत संपवावे. रिकाम्या पिशव्या मात्र घरी परत आणाव्यात. विवराच्या काठावर पडलेली प्लॅस्टिकची पाकिटे पाहिली की हे वेगळे सांगण्याची गरज का पडते, ते कळते.

मेहकर आणि सिंदखेड राजा यांना फार शब्द लागत नाहीत. मेहकरला पैनगंगेच्या काठी शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती आहे. ती १८८८ मध्ये जमिनीतून निघाली. सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. १२ जानेवारीला तेथे प्रचंड गर्दी असते, म्हणून लहान मुले बरोबर असतील तर तो दिवस सोडून जावे. लखुजी जाधवरावांची समाधी आणि मोती तलाव ही दोन्ही ठिकाणे सावकाश पाहावीत. दोन्ही गावे एकाच दिवशी करण्याचा मोह होतो. थंडीच्या दिवसांत ते जमत नाही.

दक्षिणेला सेनगावमार्गे हिंगोलीच्या रस्त्यावर नर्सी आहे, संत नामदेवांचे गाव. अर्ध्या दिवसात परतता येते. दुकान दुपारनंतर उघडायचे असेल, तर ही सहल सर्वांत सोयीची. खुद्द रिसोड तालुक्यात लोणी येथे सखाराम महाराजांचे संस्थान आहे. पाहुणे आले आणि हाती दोनच तास असले, तर तेवढे पुरते.

वाशीमला प्रत्येकजण कचेरीच्या कामासाठी जातो आणि वाशीम पाहत कोणीच नाही. हे शहर म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याच शाखेतील हरिषेण राजाच्या कारकिर्दीत अजिंठ्याच्या काही उत्तम लेण्या कोरल्या गेल्या आणि सोळाव्या क्रमांकाचे लेणे त्याच्या मंत्र्याने, वराहदेवाने, करविले. म्हणजे मुलांना अजिंठा दाखवण्याआधी ज्यांच्या राज्यात तो घडला त्यांचे शहर दाखवता येते. भोसल्यांच्या दिवाणांपैकी भवानी काळू यांनी अठराव्या शतकात बांधविलेले बालाजी मंदिर आणि पद्मतीर्थ ही जागा निवांतपणे तासभर बसण्याची आहे. कचेरीतील काम लवकर आटोपले, तर मालकाने सूनबाईंनाही त्या दिवशी बरोबर न्यावे. जिल्ह्याच्या गावी जाणारी गाडी नाहीतरी रिकामीच असते.

सूर्यास्ताच्या नियमात न बसणारे एक ठिकाण उरते, ते कारंजा लाड. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक, त्यामुळे जाऊन येऊन दिवस निसटतो. तरी वर्षातून एकदा मुक्काम करून जावे, एवढे ते मोठे आहे. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण अशी तीन जुनी मंदिरे एकाच गावात आहेत. भट्टारकांच्या पीठांमुळे कारंजा शतकानुशतके विद्येचे आणि व्यापाराचे गाव राहिले. काष्ठासंघ मंदिरातील लाकडावरील कोरीव काम पाहताना मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते. येथील ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांवरून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत पुष्पदंत आदी कवींचे अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आले. त्यातील काहींचे संपादन अमरावतीच्या महाविद्यालयात शिकविणाऱ्या डॉ. हीरालाल जैन यांनी केले. भाषेच्या इतिहासात ज्या ग्रंथांशिवाय पान हलत नाही, ते एका व्यापारी गावाच्या मंदिरातील पेट्यांत जपले गेले. ते जपणाऱ्या पेढीवाल्यांपैकी बहुतेकांना त्यातील भाषा वाचताही येत नसावी. तरी त्यांनी वाळवी लागू दिली नाही.

१९१८ मध्ये कारंजात स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाने विदर्भ-मराठवाड्यातील किती तरी मुलांना शिकविले. रिसोड परिसरातील एखाद्या घरात त्या गुरुकुलात राहिलेले आजोबा असतील, तर त्यांना विचारूनच कारंजाचा बेत आखावा. भांडारातील पोथ्या पाहायच्या असतील तर व्यवस्थापकांची परवानगी आधी घ्यावी लागते, मुक्कामाची सोयही आधीच ठरवावी. पोथी दाखविणारे गृहस्थ वेष्टण सोडण्यापूर्वी हात धुवायला सांगतात, तेव्हा लहान मुलांनाही आत न्यावे.